आधी चाल, मग माणूस

ई. एम. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या १९२४च्या कादंबरीत नारायण गोडबोले नावाचे एक प्राध्यापक आहेत. दख्खनी ब्राह्मण. वय झालेले, अंग सुकलेले, करडी मिशी, निळसर घारे डोळे आणि रंग साहेबाइतका गोरा. डोक्याला फिकट जांभळे पागोटे, अंगात कोट आणि जाकीट, खाली धोतर, आणि पायांत पागोट्याच्या रंगाशी मेळ खाणाऱ्या नक्षीचे मोजे. पुण्यात किंवा रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला या गृहस्थांचे मूळ गावसुद्धा विचारावेसे वाटेल. फॉर्स्टरला हा माणूस कुठून सुचला असेल याचा माग काढता येतो. १९१२-१३च्या हिंदुस्थानच्या पहिल्या फेरीत तो देवासला गेला होता आणि १९२१मध्ये तर देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे काही महिने खासगी चिटणीस म्हणून नोकरीलाच राहिला होता. मराठ्यांचा दरबार, गोकुळाष्टमीचा उत्सव, दिवसरात्र चाललेले भजन हे सगळे त्याने जवळून पाहिले. कादंबरीच्या तिसऱ्या भागात गोडबोले देवापुढे उभे राहून गातात तेव्हा त्यांच्या तोंडी तुकारामाचे नाव येते, ते उगाच नाही.

१९८४ साली डेव्हिड लीनने या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात गोडबोले झाला होता ॲलेक गिनेस, सत्तरीला टेकलेला इंग्रज नट, चेहऱ्याला सावळा रंग फासून. गंमत अशी, की मूळ गोडबोल्यांना रंगाची गरजच नव्हती. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ अशी पट्टीची मंडळी त्याच चित्रपटात होती, आणि त्यांच्या घोळक्यात हा एकच हिंदी माणूस नकली दिसत होता. तेव्हाही त्यावर टीका झाली. आज तो चित्रपट पाहताना गोडबोले पडद्यावर आले की अवघडल्यासारखे होते.

आपल्याकडच्या बहुतेकांना गिनेस एक तर या गोडबोल्यांमुळे माहीत असतो, नाहीतर 'स्टार वॉर्स'मधला पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणून. या दोन भूमिकांवरून त्याची किंमत करणे म्हणजे एखाद्या थोर गवयाचे नाव फक्त जाहिरातीतल्या दोन ओळींवरून लक्षात ठेवणे. पन्नासहून अधिक वर्षे हा माणूस रंगभूमीवर आणि पडद्यावर दुसऱ्यांच्या अंगात शिरत होता. इतका, की समीक्षक केनेथ टायनन म्हणाला होता: याने खून केला आणि पोलिसांनी याचे वर्णन गावभर दिले, तर भलत्याच माणसांना पकडण्याचा विक्रम होईल. इंग्रजी लिखाणात त्याच्याबद्दल 'गूढ', 'अदृश्य', 'चेहरा नसलेला' अशी विशेषणे उदंड सापडतात. मला ती आळशीपणाची वाटतात. गिनेसच्या कामात गूढ फार थोडे आहे. मेहनत पुष्कळ आहे, आणि ती मेहनत बहुतेक वेळा पायांपासून सुरू होते. अमुक पात्र चालते कसे हे पक्के कळेपर्यंत ते आपल्याला सापडलेच नाही असे तो धरून चाले.

रकाना कोरा

२ एप्रिल १९१४ला लंडनच्या मेडा व्हेल भागात त्याचा जन्म झाला. आई ॲग्नेस कफ. जन्मदाखल्यावर मुलाच्या नावाच्या जागी 'ॲलेक गिनेस' असे लिहिले आहे आणि बापाच्या नावाचा रकाना कोरा आहे. अँड्र्यू गेडिस नावाचा एक बँकवाला शाळेची फी भरत असे, अधूनमधून भेटायलाही येई. तोच बाप असावा असे पुढे बऱ्याच जणांनी मानले. आईने मध्येच स्टिव्हन नावाच्या एका लष्करी कप्तानाशी लग्न केले. ते जेमतेम तीन वर्षे टिकले, आणि त्या तीन वर्षांत पोराने मारझोडीची दहशत पुरेपूर अनुभवली. चौदाव्या वर्षापर्यंत तो स्वतःला ॲलेक स्टिव्हन समजत होता. मग त्याला सांगण्यात आले, की तुझे खरे आडनाव गिनेस.

एवढी सामग्री हाती आल्यावर चरित्रकार गप्प बसतील काय? ज्याला स्वतःचे नाव नाही तो दुसऱ्यांची नावे धारण करत सुटला, असा सिद्धांत ठरलेलाच. वाचायला छान वाटतो. पण बापाचा पत्ता नसलेली पोरे त्या काळच्या लंडनमध्ये थोडी नव्हती, आणि त्यांतली बहुतेक कारकुनी करत म्हातारी झाली. गिनेसही आधी तिकडेच निघाला होता. शाळा संपल्यावर आर्क्स पब्लिसिटी या जाहिरात कंपनीत तो आठवड्याला एका पौंडावर मजकूर लिहायला लागला. नाटकाचे वेड डोक्यात होते, पण ओळख कुणाशीच नव्हती. मग या पोराने काय करावे? त्या वेळी लंडनच्या रंगभूमीवर ज्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते, त्या जॉन गिलगुडला सरळ फोन लावला आणि विचारले, मला नट व्हायचेय, काय करू?

गिलगुडने फोन आपटला नाही. त्याने मार्टिटा हंट या अभिनेत्रीचे नाव सुचवले. हंटबाईंनी काही दिवस शिकवले आणि मग स्वच्छ सांगितले, की बाबा रे, तुला हे जमायचे नाही, नाद सोड. त्याने सोडला नाही. फे कॉम्प्टन यांच्या नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळवली, वर्षअखेरीच्या प्रयोगात बक्षीस पटकावले, आणि परीक्षकांमध्ये कोण, तर गिलगुड. पुढे बारा-तेरा वर्षांनी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' चित्रपटात गिनेसला पहिली मोठी भूमिका मिळाली, तेव्हा त्यात मिस हॅव्हिशॅम झाल्या होत्या त्याच मार्टिटा हंट.

व्यावसायिक रंगभूमीवरचे पहिले पाऊल पडले विसाव्या वाढदिवशी, २ एप्रिल १९३४ला. नाटकाचे नाव 'लायबल!' आणि वाट्याला एकही वाक्य नाही. त्यानंतरच्या 'क्वीअर कार्गो'मध्ये तीन किरकोळ माणसे: एक चिनी हमाल, एक फ्रेंच चाचा, एक इंग्रज खलाशी. खिशात पैसे नसायचे, पोटात अन्न नसायचे. गिलगुडने त्याची रोडावलेली कुडी पाहून टेबलावरच्या नोटांकडे बोट दाखवले, वीस पौंड आहेत, घेऊन जा म्हणाला. गिनेसने ते घेतले नाहीत. अभिमान आडवा आला, असे त्याने स्वतःच पुढे 'ब्लेसिंग्ज इन डिसगाइज' या १९८५च्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. त्या १९३४ सालीच गिलगुडने 'हॅम्लेट' केला आणि या उपाशी पोराला ऑस्रिकची भूमिका दिली. ऑस्रिक म्हणजे दरबारातला नटवा, बोलण्यात साखर पेरणारा छचोर. भूमिका लहान, पण लोकांच्या लक्षात राहणारी.

पुढची काही वर्षे गिलगुड, ओल्ड व्हिक नाट्यगृह, दिग्दर्शक टायरोन गथ्री, नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या सावलीत गेली. ऑलिव्हिएच्या १९३७च्या हॅम्लेटमध्ये तो पुन्हा ऑस्रिकच होता आणि गरज पडल्यास हॅम्लेट करायला राखीवही होता. पुढच्या वर्षी गथ्रीने आधुनिक पोशाखातला, एक ओळही न कापलेला हॅम्लेट बसवला आणि मुख्य भूमिका गिनेसला दिली. वय चोवीस. त्याच वर्षी मेरुला सालमन या अभिनेत्रीशी लग्न झाले. दोघे भेटले ते एका नाटकात, जिथे नोहाच्या नौकेवरच्या प्राण्यांपैकी वाघ ती झाली होती. हे लग्न बासष्ट वर्षे टिकले.

नौदलाला नाटकवाल्याचा सल्ला

युद्धात तो नौदलात साधा खलाशी म्हणून भरती झाला, नंतर अधिकारी झाला, आणि जुलै १९४३मध्ये सिसिलीवर सैन्य उतरवणाऱ्या एका बोटीचा कप्तान होता. हल्ल्याची वेळ तासाभराने पुढे ढकलल्याचा निरोप त्याच्या बोटीपर्यंत पोहोचलाच नाही. साहजिकच गिनेस ठरल्या वेळेला आपल्या सैनिकांना घेऊन किनाऱ्याला लागला, आणि पाहतो तो बाकी कुणीच नाही. मागाहून आलेल्या वरिष्ठाने झापायला सुरुवात केली तेव्हा त्याने ऐकवले, की आमच्या वेस्ट एंडच्या नाट्यगृहांत पडदा आठला उघडणार असे छापले तर तो आठलाच उघडतो, नौदलाने हे शिकण्यासारखे आहे. प्रसंग त्यानेच सांगितलेला, तेव्हा थोडा रंग चढला असणार हे धरूनच चालावे. तरी नाटकाच्या वेळेबद्दल कळवळून बोलणारा अधिकारी नौदलाला रोज भेटत नसणार.

युद्धाच्या आधी त्याने डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चे नाट्यरूपांतर करून त्यात हर्बर्ट पॉकेट केला होता. प्रेक्षकांमध्ये डेव्हिड लीन नावाचा एक चित्रपट-संकलक बसला होता. १९४६मध्ये लीनने त्या कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा त्याने याच हर्बर्टला हुडकून आणले. या दोघांचा संबंध इथून सुरू झाला. तो अडतीस वर्षे चालला आणि त्यात भांडणे मुबलक झाली.

पुढचा चित्रपट 'ऑलिव्हर ट्विस्ट'. गिनेसला त्यात फेगिन हवा होता, पोरांना खिसेकापूपणा शिकवणारा ज्यू म्हातारा. लीनला ही कल्पना हास्यास्पद वाटली, कारण त्याच्या डोळ्यांपुढे हर्बर्टचा कोवळा चेहरा. गिनेस म्हणाला, एकदा रंगभूषा करून येऊ दे, मग बघा. तो आला आणि लीनची बोलती बंद झाली. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्नने डिकन्सच्या मूळ पुस्तकातल्या क्रुकशँकच्या चित्रांबरहुकूम नाक, दाढी, पापण्या उभ्या केल्या होत्या. चौतिशीचाही न झालेला पोरगा सत्तरीचा दिसत होता.

पण त्या नाकाने मोठे रामायण घडले. १९४९मध्ये बर्लिनला चित्रपट लागला तेव्हा छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंनी थेटराबाहेर दंगा केला. अमेरिकेत तो १९५१पर्यंत लागूच शकला नाही, आणि लागला तो फेगिनची दृश्ये कापून. हिटलरचा पराभव होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती तोच हे नाक पडद्यावर आणणाऱ्यांना आपण काय करतोय हे कळू नये, याचे नवल वाटते. वेशांतराची जबरदस्त कला आणि ते वेशांतर समोरच्याला कुठे लागेल याविषयी बधिरपणा, या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. छत्तीस वर्षांनी गोडबोल्यांच्या वेळीही तेच झाले.

एका घराण्यातले आठ मुडदे

फेगिननंतर लगेच इलिंग स्टुडिओ. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या छोट्या स्टुडिओने युद्धानंतरच्या रेशनिंगच्या इंग्लंडला हसायला शिकवले. १९४९च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये एक तरुण सरदारकी मिळवण्यासाठी आपल्या आणि पदवीच्या मध्ये येणाऱ्या नातेवाइकांचा एकेक करून काटा काढतो. गिनेसला त्यातल्या चार नातेवाइकांच्या भूमिका देऊ केल्या होत्या. त्याने वाचून कळवले, चारच का, आठही द्या.

आठात एक बाई आहे, लेडी अगाथा, स्त्रियांच्या मताधिकारासाठी फुग्यात बसून पत्रके टाकणारी. तिचा फुगा बाणाने फुटतो. एक आरमारप्रमुख बुडत्या जहाजावर सलाम ठोकून उभ्या उभ्या पाण्यात जातो. एक पुटपुटणारा म्हातारा पाद्री आहे, एक सेनापती आहे. एवढ्या माणसांत नक्कल एकदाही होत नाही. दर वेळी नाकमिशा बदलतात तशी मानही बदलते. पाद्री मान पुढे काढून बोलतो, सेनापती ती कॉलरमध्ये रोवून. चर्चमधल्या एका दृश्यात घराण्यातली सहा माणसे एकाच चौकटीत दिसतात. संगणक नव्हता. छायाचित्रकार डग्लस स्लोकोमने कॅमेरा जमिनीला जखडून टाकला, भिंगासमोर चौकटीचा एकेक भाग झाकत तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे गुंडाळून चालवली, आणि दर वेळी गिनेस नवी रंगभूषा करून नव्या जागी येऊन बसला. रात्री कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागला तर सगळे मुसळ केरात, म्हणून स्लोकोम कॅमेऱ्याजवळच झोपला.

'द लॅव्हेंडर हिल मॉब' आणि 'द मॅन इन द व्हाइट सूट' हे दोन्ही १९५१चे, 'द लेडीकिलर्स' १९५५चा. या विनोदी चित्रपटांनी गिनेस जगभर पोहोचला. मला स्वतःला त्यातला पहिला सर्वांत आवडतो. त्यात तो बँकेचे सोने वाहून नेण्यावर देखरेख करणारा, वीस वर्षे एकही चूक न केलेला कारकून आहे, आणि चोरीची कल्पना डोक्यात आल्यावर त्याच्या डोळ्यांत जी मुलांसारखी चमक येते ती पाहूनच पैसे वसूल होतात.

याच १९५१मध्ये रंगभूमीवर मात्र तो सपाटून आपटला. न्यू थिएटरमध्ये त्याने हॅम्लेट स्वतः बसवला, स्वतः केला. पहिल्याच रात्री प्रकाशयोजना घसरली. दिवे भलत्या वेळी भलतीकडे. गिनेसने त्या रात्री मध्येच हात टेकले आणि पुढे तसे कबूलही केले. त्या प्रयोगात नाटकातल्या नाटकाचा राजा झाला होता केनेथ टायनन, तेव्हा चोवीस वर्षांचा. वर्तमानपत्रवाल्याने त्याचीही सालटी काढली. त्याच टायननने दोन वर्षांनी गिनेसवर पुस्तक लिहिले. नटाचे नशीब कधी कधी असे बरे असते.

हॅम्लेट का पडला? दिव्यांमुळे नव्हे. हॅम्लेटला नाक चिकटवता येत नाही, कुबड देता येत नाही. तिथे नटाला स्वतःच्या चेहऱ्याने आणि स्वतःच्या आवाजाने तीन-चार तास थेटर धरून ठेवावे लागते. ऑलिव्हिए ते धाकाने करायचा, गिलगुड सुराने. गिनेसला दोन्ही नको होते. दोन वर्षांनी कॅनडात स्ट्रॅटफर्डच्या नाट्योत्सवाचा नारळ फुटला तेव्हा भल्यामोठ्या तंबूत पहिली वाक्ये उच्चारली ती गिनेसने, तिसऱ्या रिचर्डच्या तोंडून. रिचर्डला पाठीवर कुबड आहे, चाल आहे. ते नाटक चांगले चालले.

मुलाची चाल

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या एकुलत्या एक मुलाला, मॅथ्यूला, पोलिओ झाला. वय अकराच्या आसपास. कमरेखालचा भाग लुळा पडला. गिनेस संध्याकाळी कामावरून घरी परतताना वाटेतल्या एका कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसू लागला. तो कॅथलिक नव्हता. बसल्या बसल्या देवाशी सौदा केला, की मुलगा बरा झाला आणि पुढे त्याला कॅथलिक व्हावेसे वाटले तर मी आड येणार नाही. नवस बोललेल्या आईबापांना हे समजावून सांगायला नको. मुलगा बरा झाला, जेझुइटांच्या शाळेत गेला, कॅथलिक झाला. १९५६मध्ये बापही झाला, पुढच्या वर्षी मेरुलाही.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट. गिनेस ज्यात कॅथलिक पाद्री झाला होता त्या 'फादर ब्राउन' चित्रपटाचे चित्रीकरण फ्रान्समध्ये बर्गंडीला चालले होते. संध्याकाळी पाद्र्याचा झगा न उतरवताच गिनेस मुक्कामाकडे निघाला. अंधारात एक लहान पोरगा धावत आला, त्याने याचा हात धरला आणि बडबड करत, हात हलवत बरोबर चालू लागला. गिनेसला फ्रेंच बेताचेच येत होते. आपण बोललो तर पोर घाबरेल म्हणून तो गप्प राहिला. थोड्या वेळाने पोरगा निरोप घेऊन कुंपणाच्या भगदाडातून पसार झाला. केवळ झगा पाहून अनोळखी माणसावर एवढा विश्वास टाकायला लावणारा पंथ आपण समजतो तितका वाईट नसावा, असे आपल्याला वाटले, असे त्याने लिहिले आहे.

मॅथ्यूच्या आजाराचा धागा पुढे पडद्यावरही आला. १९५७चा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. लीन दिग्दर्शक, चित्रीकरण सिलोनमध्ये. कर्नल निकल्सनची भूमिका गिनेसने आधी नाकारली होती. असला रटाळ माणूस दोन-अडीच तास कोण बघणार, हा त्याचा प्रश्न. लीनचे म्हणणे, माणूस रटाळच हवा. सेटवर दोघांचे रोज वाजत होते.

निकल्सन जपान्यांच्या कैदेत आहे. अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही, या एका नियमावर तो अडून बसतो, म्हणून त्याला पत्र्याच्या एका कोंदट खोक्यात डांबतात. ऊन पत्र्यावर, तो आत. बाहेर काढल्यावर त्याला छावणीप्रमुख सैतोच्या झोपडीपर्यंत चालत जायचे आहे. सगळे दृश्य मिनिटभराचेही नसेल. पाय ऐकत नाहीत. गुडघा पुढे जातो, पाऊल मागून फरपटत येते. खांदे मात्र ताठ, कवायतीच्या मैदानावर असावेत तसे. शरीर कोसळायला आले आहे आणि वरचे अर्धे अंग ते कबूल करायला तयार नाही. पुढे हा माणूस शत्रूसाठीच पूल बांधण्याच्या नादात वाहवत जाणार आहे, त्याचे सगळे बीज या चालीत आहे. ही चाल गिनेसने उचलली ती मॅथ्यूची, पोलिओतून उठून पुन्हा चालायला शिकताना तो जसा चालायचा ती. आपल्या कामातल्या उत्तम क्षणांत तो या चालीची गणना करत असे. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर त्याला मिळाले, चित्रपटाला एकूण सात. १९५९मध्ये 'सर' ही पदवीही आली.

नंतरची वीस वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण त्यांत यश असूनही सांगण्यासारखे विखुरलेले आहे. 'ट्यून्स ऑफ ग्लोरी'मधला दारूडा स्कॉटिश अधिकारी उत्तम. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधला राजपुत्र फैसल, पुन्हा रंग लावून, पण तिथे तो खपून गेला. न्यूयॉर्कला डिलन टॉमस या कवीची भूमिका करून टोनी पारितोषिक मिळवले. १९६६मध्ये फ्रेंच अभिनेत्री सिमोन सिन्योरेबरोबर केलेला 'मॅकबेथ' मात्र पुरता झोपला. बाईंचे इंग्रजी प्रेक्षकांना पचले नाही.

तलवारीचा उजेड आणि पैसा

१९७५च्या अखेरीस जॉर्ज लुकास नावाच्या तरुण दिग्दर्शकाची 'स्टार वॉर्स'ची संहिता आली. अंतराळ, साम्राज्य, प्रकाशाच्या तलवारी. संवाद भिकार असल्याची तक्रार गिनेसने मित्रमैत्रिणींना पत्रांतून केली आहे. पण गोष्ट पुढे काय होते याची उत्सुकता वाटते हेही त्याने मान्य केले. मानधनाबरोबर त्याने लुकासच्या नफ्यातला वाटा मागून घेतला, सव्वादोन टक्क्यांच्या घरातला. चित्रपट १९७७मध्ये लागला आणि पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. या वाट्याने त्याचे म्हातारपण निर्धास्त झाले, आणि या चित्रपटाने ते हैराणही केले.

आपण तो चित्रपट शंभराहून अधिक वेळा पाहिला आहे असे एका मुलाने त्याला मोठ्या अभिमानाने सांगितले. गिनेस म्हणाला, माझ्यासाठी एक करशील, पुन्हा कधीही बघू नकोस. मुलगा रडला, आई चिडली. १९९९च्या पुस्तकात त्याने हा किस्सा दिला आहे. अनेकांना तो माणूसघाणा वाटतो. मला त्या मुलाची दया येते, पण गिनेसचे म्हणणेही कळते. आणि तरी पडद्यावर बघा: त्या भिकार संवादांना तो जेवढ्या गंभीरपणे वागवतो, तेवढ्या गंभीरपणे त्या चित्रपटात दुसरे कुणीच वागवत नाही. तिकिटाचे पैसे घेतल्यावर कामात कसूर नाही, हा जुना नाटकवाल्यांचा धर्म त्याने पाळला.

स्मायली

त्याचे सर्वांत मोठे काम टीव्हीवर झाले, वयाच्या पासष्टीत. जॉन ल कॅरेच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या कादंबरीवर बीबीसीने १९७९मध्ये सात भागांची मालिका काढली. जॉर्ज स्मायली, निवृत्त गुप्तहेर, बुटका, गोल, बायकोने सोडलेला, आपल्याच खात्यात दडलेल्या फितुराला शोधणारा. गिनेसने लेखकाला कळवले, की मी काही तुमच्या स्मायलीसारखा गुबगुबीत आणि दुहेरी हनुवटीचा नाही. त्याला अशा शंका नेहमीच यायच्या. त्या दूर करण्याचा त्याचा मार्ग एकच होता: खरा माणूस बघायचा.

ल कॅरेने मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर जेवणाचा बेत ठरवला. ओल्डफील्ड म्हणजे ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख. जेवताना गप्पा झाल्या, पण गिनेसचे लक्ष भलतीकडेच. शर्टाच्या मनगटावरची बटणे कसली, छत्री कशी धरतात, पेल्याला बोट कसे लागते. ओल्डफील्ड निघाले तेव्हा गिनेस त्यांना रस्त्याने जाताना बघत राहिला. पुन्हा चालच.

मग मालिकेत काय दिसते? दिसण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, आणि तिथेच त्याची कमाल आहे. स्मायली ऐकतो. समोरचा माणूस पानेच्या पाने बोलत असतो, आणि हा जाड भिंगांच्या चष्म्याआडून बघत असतो. कधी चष्मा काढतो तेव्हा डोळे एकदम उघडे, म्हातारे, दुखावलेले दिसतात. बायकोचे नाव कुणी सहज काढले की चेहऱ्यावर काही हलत नाही, फक्त उत्तर यायला अर्धा क्षण उशीर होतो. कारकिर्दीच्या सुरुवातीला ज्याने नाके चिकटवून वाहवा मिळवली, त्याने शेवटी चेहऱ्यावर काहीही न चिकटवता हे केले. १९५१च्या हॅम्लेटला जे जमले नव्हते ते इथे जमले.

त्या दिवसांत इंग्लंडातली दुसरी मोठी वाहिनी, आयटीव्ही, संपामुळे बंद होती. गुंतागुंतीच्या या मालिकेला प्रेक्षक मिळायला त्याचाही हातभार लागला. पण १९८२मध्ये 'स्मायलीज पीपल' आली तेव्हा संप नव्हता, तरी लोकांनी ती पाहिली. दोन्ही वेळा बाफ्टा पुरस्कार मिळाला. ल कॅरेची वेगळीच पंचाईत झाली. पुढे स्मायली लिहायला बसले की त्याला गिनेसचाच आवाज ऐकू यायचा, आपले पात्र या नटाने बळकावले असे तो सांगत असे.

या दोन मालिकांनंतर दोनच वर्षांत गोडबोले पडद्यावर आले. स्मायलीमागे ओल्डफील्ड होते, निकल्सनमागे मॅथ्यू. गोडबोल्यांमागे पडद्यावर तरी कुणी दिसत नाही. हसू आहे, मिटलेले डोळे आहेत, साहेबांच्या कल्पनेतला पौर्वात्य योगी आहे. देवासच्या भजनात उभा राहणारा, तुकारामाचे नाव घेणारा माणूस नाही. सगळा दोष गिनेसच्या माथी मारता येणार नाही. कादंबरीचा तिसरा भाग लीनने जवळजवळ गुंडाळला आणि शेवट काश्मीरला नेला. गिनेसने मेहनतीने बसवलेला गोडबोल्यांचा नाचही संकलनात कापला. त्यावरून दोघांचे बिनसले, आणि हा त्यांचा एकत्र केलेला शेवटचा चित्रपट ठरला. ऑस्कर मिळाले ते मिसेस मूर झालेल्या पेगी ॲशक्रॉफ्टला, आणि ते योग्यच होते. तरी भूमिका स्वीकारली ती गिनेसने, रंग लावायला बसला तोही गिनेस. एखादा मराठी नट त्या जागी असता तर त्या पागोट्याला वजन आले असते, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

शेवटची चांगली कामे त्यानंतरही झालीच. १९८७च्या सहा तासांच्या 'लिटल डॉरिट'मध्ये कर्जापायी तुरुंगात आयुष्य काढूनही ऐट न सोडणारा विल्यम डॉरिट त्याने केला आणि पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळवले. १९८९मध्ये 'अ वॉक इन द वुड्स' या नाटकातला सोव्हिएत मुत्सद्दी ही रंगभूमीवरची अखेरची भूमिका. मग हॅम्पशरमध्ये पीटर्सफील्डजवळच्या घरात बाग, कुत्री, वाचन आणि रोजनिशी. त्या रोजनिशीतून दोन पुस्तके निघाली, दोन्ही खवचट आणि वाचनीय. ५ ऑगस्ट २०००ला कर्करोगाने तो गेला. वय शहाऐंशी. मेरुला त्याच ऑक्टोबरमध्ये गेली. त्याच्या रोजनिश्या आणि शेकडो पत्रे आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत वेळ असेल तर 'टिंकर टेलर'चे सातही भाग बघा, पण २०११चा त्याच नावाचा चित्रपट नव्हे, बीबीसीची मालिका. सुरुवातीलाच चार माणसे एकापाठोपाठ एक खोलीत येऊन बसतात, बराच वेळ कुणी बोलत नाही, आणि त्यात गिनेस नसतो. कंटाळून बंद करू नका. पहिल्या भागात नावे डोक्यावरून जातील, ती सगळ्यांच्याच जातात. तिसऱ्या भागापर्यंत तग धरा. मुलांना बरोबर बसवायचे असेल तर 'द लॅव्हेंडर हिल मॉब'पासून सुरुवात करा, जेमतेम सव्वा तासाचा आहे.